पैसे दिले, अंक घेतला का?

लंडन हे इंग्लंडच्या राजधानीचे शहर. तेथे जमिनीच्या पोटातून रेल्वेगाड्या धावतात. माणसे जिन्याने खाली उतरतात, गाडीत बसतात आणि दुसऱ्या स्टेशनावर जिन्याने पुन्हा वर येतात. सकाळी कामावर जायच्या वेळी आणि संध्याकाळी घरी परतायच्या वेळी या जिन्यांच्या तोंडाशी नुसती जत्रा भरते. फरक एवढाच की, जत्रेतली माणसे रमतगमत चालतात आणि ही माणसे पळत असतात.

अशा एखाद्या स्टेशनाच्या दाराशी एक माणूस उभा दिसतो. अंगात लाल रंगाचे बिनबाह्यांचे जाकीट. गळ्यात बिल्ला. बिल्ल्यावर त्याचा फोटो आणि नंबर. काखेत अंकांचा गठ्ठा आणि एक अंक हातात उंच धरलेला. मधूनमधून तो ओरडतो, "बिग इश्यू! बिग इश्यू घ्या!"

'बिग इश्यू' हे एका साप्ताहिकाचे नाव आहे. 'बिग' म्हणजे मोठा. 'इश्यू' या इंग्रजी शब्दाचे अर्थ मात्र दोन होतात. इश्यू म्हणजे प्रश्न, आणि इश्यू म्हणजे वर्तमानपत्राचा अंकही. नाव ठेवणाऱ्याने दोन्ही अर्थ मनात धरूनच नाव ठेवले असावे. कारण हा अंक विकणारा माणूस बेघर असतो, किंवा कालपरवापर्यंत बेघर होता. त्याचा प्रश्न मोठाच आहे.

विलायतेत सगळे श्रीमंत, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तेथेही माणसाची नोकरी जाते, संसार मोडतो, दारूचे व्यसन लागते, डोके ठिकाणावर राहत नाही. कोणी तुरुंगातून सुटून येतो आणि त्याला परत घेणारे घर नसते. मग तो दुकानांच्या पायऱ्यांवर, पुलाखाली, बागेतल्या बाकावर निजतो. तिकडची थंडी आपल्या थंडीसारखी नाही. रात्रभर उघड्यावर निजलेला माणूस सकाळी उठेलच, याची खात्री नसते. काम मागायला गेला, तर पहिला प्रश्न असा येतो, "राहता कुठे?" पत्ता नाही म्हणून काम नाही. काम नाही म्हणून भाडे नाही. भाडे नाही म्हणून पत्ता नाही. मोटेचा बैल चाकोरीतून जातो येतो, तसे हे चालते.

मग राहते काय? हात पुढे करणे. तोही इंग्लंडात गुन्हाच ठरवला गेला होता. १८२४ साली तेथे एक कायदा झाला. नेपोलियनबरोबरच्या लढाया संपल्या होत्या. घरी परतलेले कितीतरी सैनिक निराधार होऊन रस्त्यावर आले होते. रस्त्यावर निजणे आणि भीक मागणे या दोन्ही गोष्टींना या कायद्याने शिक्षा ठरवली. ज्यांनी देशासाठी बंदूक धरली, त्यांनाच रस्त्यावरून उचलण्याची ही तजवीज होती. हा कायदा रद्द करण्याचे तेथील पार्लमेंटाने ठरवले ते २०२२ साली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी.

अंक कसा निघाला

गॉर्डन रॉडिक नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी अनिता यांनी साबण, तेले, अंगाला लावायची क्रीमे विकणारी 'बॉडी शॉप' नावाची दुकाने काढली होती. दोघांनी मिळून त्यांचा मोठा पसारा वाढवला. एकदा रॉडिक अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी गेले. तेथे त्यांना एक बेघर माणूस वर्तमानपत्र विकताना दिसला. 'स्ट्रीट न्यूज', म्हणजे रस्त्यावरची बातमी, असे त्या पत्राचे नाव. ते १९८९ साली सुरू झाले होते आणि ते विकणारे लोक रस्त्यावरचेच होते. रॉडिक यांना ही कल्पना आवडली. आपल्या देशातही असे करावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

परंतु करणार कोण? त्यांनी आपले जुने मित्र जॉन बर्ड यांना गाठले.

या बर्ड यांची हकिकत आपण जरा थांबून वाचावी, अशी आहे. त्यांचा जन्म १९४६ साली लंडनमधील एका गरीब कुटुंबात झाला. पाच वर्षांचे असताना भाडे थकले म्हणून घर गेले. पुढे काही वर्षे अनाथाश्रमात गेली. पोरवयातच चोऱ्यामाऱ्या सुरू झाल्या आणि तुरुंग पाहावा लागला. शाळेत जी अक्षरे नीट गिरवली गेली नाहीत, ती त्यांनी तुरुंगात गिरवली. धड वाचायला ते तेथे शिकले, तेव्हा त्यांचे वय सोळाच्या आसपास होते. पुढे ते छपाईचा धंदा शिकले. ज्याला एकेकाळी वाचता येत नव्हते, त्याच माणसाने १९९१ च्या सप्टेंबरात 'बिग इश्यू' चा पहिला अंक काढला. आधी महिन्याला एक अंक निघे. १९९३ पासून तो दर आठवड्याला निघू लागला. २०१५ साली बर्ड इंग्लंडच्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे लॉर्डांच्या सभेचे, सभासद झाले. एकेकाळचा कैदी आज कायदे करणाऱ्यांच्या बाकावर बसतो.

बर्ड यांनी एक गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवली. अंक वाचण्याजोगा असला पाहिजे. लिहिणारे पगारी आणि जाणते असले पाहिजेत. दया म्हणून लोक अंक एकदा घेतील, दोनदा घेतील. आवडला तर दर आठवड्याला घेतील. माल वाईट असेल, तर विकणाराही शेवटी भिकारीच ठरतो.

हिशेब

आता हा धंदा चालतो कसा, ते पाहू.

बेघर माणूस कचेरीत येतो. त्याचे नाव लिहून घेतात. त्याला बिल्ला मिळतो आणि उभे राहण्याची जागा ठरवून देतात. एकाच्या जागेवर दुसऱ्याने उभे राहायचे नाही. दारू पिऊन उभे राहायचे नाही. बिल्ला गळ्यात असताना भीक मागायची नाही. हे नियम मोडले, तर बिल्ला जातो.

सुरुवातीला त्याला थोडे अंक फुकट देतात. ते विकून जे पैसे येतात, ते त्याचे भांडवल. त्यानंतर मात्र प्रत्येक अंक त्याने रोख पैसे देऊन विकत घ्यायचा. छापील किमतीच्या निम्म्या किमतीला घ्यायचा आणि पूर्ण किमतीला विकायचा.

उदाहरण घेऊ. पौंड हे इंग्लंडचे नाणे. २०१८ साली अंकाची किंमत अडीच पौंड होती. विकणाऱ्याला तो सव्वा पौंडाला मिळे. समजा, त्याने सोमवारी नवे २० अंक घेतले. २० गुणिले सव्वा, म्हणजे २५ पौंड त्याच्या खिशातून गेले. सगळे २० खपले, तर ५० पौंड हाती येतील आणि २५ पौंड सुटतील. १४ खपले, तर ३५ पौंड येतील. म्हणजे सुटले १० पौंड. आणि पाऊस लागला, ८ च खपले, तर? २० पौंड आले. भांडवलच २५ चे होते. ५ पौंड अंगावर पडले.

उरलेले अंक कचेरी परत घेत नाही. पुढच्या सोमवारी नवा अंक निघाला की, जुना अंक शिळ्या मेथीसारखा होतो. म्हणून किती अंक उचलावेत याचा अंदाज विकणाऱ्याने रोज बांधायचा असतो. हवा पाहायची, वार पाहायचा, सुट्टी आहे का ते पाहायचे. आठवड्याच्या बाजारी भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही.

इतके सांगण्याचे कारण असे. स्टेशनाबाहेर उभा असलेला तो माणूस व्यापारी आहे. लहान असेल, फाटका असेल, पण व्यापारी आहे. त्याने पैसे गुंतवले आहेत. नफानुकसान त्याचे आहे.

येणारेजाणारे काय करतात

आणि आता खरी गोष्ट. समोरून जाणारी माणसे त्याला व्यापारी समजतात का?

पुष्कळ जण त्याच्याकडे पाहतच नाहीत. पाहत नाहीत म्हणजे, लाल जाकीट दुरून दिसले की मान खाली घालतात, खिशातला फोन काढतात, रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातात. कोणी पुटपुटतो, "सुट्टे नाहीत." कोणी म्हणतो, "आधीच घेतलाय मी." तो अंक त्याच सकाळी निघालेला असतो! विकणाऱ्याला हे कळते. तो हसून म्हणतो, "बरं, दिवस चांगला जावो."

काही जण खेकसतात, "अरे, काम कर की काहीतरी!" आता याला काय म्हणावे? सकाळी सातपासून जो माणूस पावसात उभा राहून माल विकतो आहे, तो काम करीत नाही, तर काय करतो आहे?

काही जण रोजचे असतात. ते नाव विचारतात. अंक घेतात आणि दोन शब्द बोलतात. थंडीत हातात चहाचा पेला आणून देतात. आठवडाभर तो दिसला नाही, तर "बरा आहे ना तो?" म्हणून चौकशी करतात. ज्याचे नाव कित्येक महिन्यांत कोणी उच्चारले नाही, त्याला नावाने हाक मारली तर काय वाटत असेल?

आणखी एक प्रकार आहे. हा फार नाजूक आहे. माणूस थांबतो. खिशातून पैसे काढतो. विकणाऱ्याच्या हातावर ठेवतो. विकणारा अंक पुढे करतो. तो माणूस हात हलवून म्हणतो, "नको, ठेव तुझ्याकडंच." आणि निघून जातो.

यात वाईट काय झाले? वरवर पाहता काहीच नाही. २०१८ च्या किमतीने हिशेबच करायचा, तर एक पौंड देऊन अंक न घेणाऱ्यापेक्षा अंक घेणारा बरा. कारण एका अंकामागे सव्वा पौंड सुटे. पण अडीच पौंड पुरे दिले आणि अंक सोडला, तर विकणाऱ्याची चांदीच. पैसेही आले आणि तोच अंक पुन्हा विकता आला. ज्याला रात्री निजायला जागा मिळवायची आहे, त्याने हे पैसे नाकारावेत असे आम्ही म्हणणार नाही. त्याला नावे ठेवणाराने एक रात्र पुलाखाली काढून पाहावी.

पण देणाऱ्याकडे पाहू. त्याचे मन चांगले आहे. तरी नकळत त्याने एक गोष्ट केली. विकणाऱ्याला त्याने पुन्हा मागणारा करून टाकले.

आपल्या बाजारातले उदाहरण घ्या. एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसली आहे. कोणी पाहुणा आला. त्याने दहा रुपये तिच्या फाटक्यावर टाकले आणि म्हणाला, "जुडी राहू दे मावशी, हे तुम्हाला ठेवा." ती बाई काय म्हणेल? बहुतेक जणी तरी असेच म्हणतील, "का बाबा? मी काय भीक मागाय बसले का? जुडी घेऊन जा." जुडीबरोबर तिचा मानही द्यायघ्यायचा असतो. देणाऱ्याने जुडी उचलली नाही, तर मान तेथेच पडून राहतो.

म्हणूनच 'बिग इश्यू' काढणारे लोक गिऱ्हाइकांना सांगत असतात, पैसे दिले तर अंक जरूर घेऊन जा. यात त्यांचाही मतलब आहे, तोही लपवण्यासारखा नाही. अंक हातोहात गेला तर वाचला जातो. वाचणारे वाढले, तर जाहिराती मिळतात. जाहिरातींच्या पैशांवर छापखाना चालतो.

बर्ड यांचे भीक देण्याबद्दलचे मत कडक आहे. नुसते पैसे टाकल्याने माणूस रस्त्यावरच राहतो, उठत नाही, असे ते म्हणतात. याच्याशी आम्ही निम्मे सहमत आहोत. ज्याला उभे राहता येते, त्याला विकायला माल द्यावा, हे खरे. पण सगळ्यांनाच आठ तास उभे राहता येत नाही. कोणी जर्जर झालेला असतो. कोणाचे मन इतके खचलेले असते की, तोंडातून "घ्या" हा शब्दही निघत नाही. अशा माणसापुढे ठेवलेल्या नाण्याने त्याचे नुकसान होते, हे आम्हाला पटत नाही.

जेम्स आणि त्याचे मांजर

जेम्स बोवेन नावाचा एक तरुण लंडनमध्ये रस्त्यावर गिटार वाजवून पैसे मिळवीत असे. गिटार हे तारांचे वाद्य. अमली पदार्थांच्या व्यसनातून सुटण्याची त्याची धडपड चालू होती. लोक त्याच्यासमोरून जात, पण पाहत नसत. आपण जणू कोणाला दिसतच नाही, असे त्याला वाटे.

२००७ साली त्याला आपल्या इमारतीच्या जिन्यापाशी एक तांबूस मांजर सापडले. त्याला जखम झाली होती. जवळचे पैसे खर्चून जेम्सने त्याला औषध आणले. बरे झाल्यावर मांजर जाईना. एक दिवस ते त्याच्या मागोमाग बसमध्ये चढले. मग जेम्सने त्याला खांद्यावर घेतले आणि नेहमीच्या जागी गिटार वाजवायला गेला. मांजराचे नाव त्याने बॉब ठेवले होते.

त्या दिवशी नवल घडले. माणसे थांबू लागली. बॉबला गोंजारू लागली. नाव विचारू लागली. आधी मांजराचे, मग माणसाचे. कमाई नेहमीच्या दुपटीहून जास्त झाली.

रस्त्यावर गाण्यावरून पोलिसांची कटकट होऊ लागली, तेव्हा जेम्सने 'बिग इश्यू' चा बिल्ला घेतला. एंजल नावाच्या स्टेशनाबाहेर तो अंक विकू लागला. बॉब बरोबर असेच. पुढे २०१२ साली जेम्सचे या सगळ्या हकिकतीवरचे पुस्तक निघाले. ते लाखोंनी खपले. २०१६ साली त्यावर सिनेमा निघाला. जून २०२० मध्ये बॉब मरण पावला. त्याचा पुतळा २०२१ साली त्या स्टेशनापासून जवळच्या एका बागेत बसवला आहे.

जेम्सचे भले झाले, त्यात आनंदच आहे. पण मनात एक गोष्ट सलते. माणूस तोच. रस्ता तोच. गिटार तीच. मधे काय आले? मांजर. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसापाशी जे पाय थांबत नव्हते, ते मांजरापाशी थांबले. लंडनमध्ये त्या वेळी बिल्ला घालून उभे असलेले पुष्कळ जण होते. त्यांच्या खांद्यावर मांजर नव्हते.

दुसऱ्या शहरांतून

हा धंदा आता फार देशांत पसरला आहे. आफ्रिकेच्या टोकाला केपटाउन शहर आहे. तेथे १९९६ साली असा अंक निघाला. ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी निघाला. जर्मनीतील म्युनिच शहरात १९९३ पासून असा अंक निघतो. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. आपल्या काही विक्रेत्यांना त्यांनी कायम पगारावर घेतले.

जपानात ओसाका शहरी २००३ साली सुरुवात झाली. जपानी नाण्याला येन म्हणतात. तेव्हा अंक २०० येनला विकला जाई आणि त्यातले ११० येन विकणाऱ्याला सुटत. तिकडे पुष्कळदा विकणारा आरडाओरडा करीत नाही. एक हात उंच करून अंक धरतो आणि उभा राहतो. तासन्‌तास हात वर धरून पाहा, म्हणजे त्याचे श्रम कळतील.

स्वीडन देशात स्टॉकहोम म्हणून शहर आहे. तेथील लोकांनी नोटा आणि नाणी खिशात ठेवणे जवळजवळ सोडून दिले. सगळे पैसे बँकेच्या कार्डाने द्यायचे. रस्त्यावर अंक विकणाऱ्यांची पंचाईत झाली. "सुट्टे नाहीत" असे जो तो म्हणे आणि ते खरेही असे! तेव्हा २०१३ साली तेथील विक्रेत्यांना कार्डाने पैसे घेण्याचे लहानसे यंत्र देण्यात आले. रस्त्यावरच्या माणसाच्या यंत्रात आपले कार्ड कोण घालील, अशी शंका होती. पण लोकांनी घातले. विक्री वाढली. पुढे लंडनमध्येही अशी यंत्रे आली. आपल्याकडे भाजीवाल्याच्या तागडीला चौकोनी ठिपक्यांचे चित्र लटकते आणि लोक फोनने पैसे देतात, तशातलाच हा प्रकार. सबब गेली. आता न घेणाऱ्याला निदान खरे कारण शोधावे लागते.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाची साथ आली, तेव्हा लंडनचे रस्ते ओस पडले. जाणारेयेणारेच नाहीत, तर विकणार कोणाला? बिल्लेवाल्यांना रस्त्यावरून उठावे लागले. अंक मोठ्या दुकानांतून ठेवण्यात आले आणि टपालानेही घरोघर पाठवण्यात आले. जुलैमध्ये विक्रेते आपापल्या जागी परतले.

आपल्याकडे

आपल्या महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध आहे. तो एका कायद्यामुळे आहे.

आधी एक आठवण करून देतो. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे दारात येतो. चिपळ्या वाजवतो, गाणे म्हणतो. आपण सुपातून धान्य आणून त्याच्या झोळीत घालतो. त्याला आपण भिकारी म्हणतो का? म्हणत नाही. त्याने गाणे दिले, आपण धान्य दिले. नंदीबैलवाला, बहुरूपी, पोतराज यांचेही असेच. कोणी करमणूक देतो, कोणी देवाचे नाव देतो. नुसता हात कोणी पसरत नाही.

तेव्हाच्या मुंबई राज्याने भीक मागण्याला आळा घालण्याचा कायदा केला. तो १९५९ चा कायदा म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तोच पुढे चालू राहिला आणि दुसऱ्या काही राज्यांनीही तो उचलला. या कायद्यात भीक मागणे म्हणजे काय, ते सांगितले आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करण्याच्या किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करण्याच्या निमित्ताने का असेना, ती भीक. पोटाचे काही साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर अशा रीतीने भटकतो की तो भिक्षेवर जगत असावा असे वाटते, तर तोही या कायद्यात येतो. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. पुन्हा पुन्हा सापडला, तर दहा वर्षांपर्यंत.

नीट वाचा. वस्तू विकायला पुढे करणे. वासुदेवाचे गाणे आणि फेरीवाल्याचा कंगवा, दोन्ही या व्याख्येच्या उंबऱ्यावर आहेत. आत की बाहेर, हे ठरवायचे पकडणाऱ्या शिपायाने आणि पुढे मॅजिस्ट्रेटाने.

दिल्लीतही हाच कायदा लागू होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या हायकोर्टाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे दिल्लीपुरती रद्द केली. पोटाला अन्न देऊ न शकणाऱ्या सरकारने मागणाऱ्याला शिक्षा कशी द्यावी, असा कोर्टाच्या म्हणण्याचा रोख होता. २०२१ च्या जुलैत, साथीचे दिवस होते तेव्हा, भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा अशी मागणी सुप्रीम कोर्टापुढे आली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्यापुढे ती निघाली. हौसेने कोणी भीक मागत नाही, म्हणून असा हुकूम आम्ही देणार नाही, असे कोर्टाने सांगितले. महाराष्ट्रात १९५९ चा कायदा राहिलाच.

दरम्यान, २०१४ साली आपल्या संसदेने दुसरा कायदा केला. तो रस्त्यावर माल विकणाऱ्यांसाठी आहे. शहरात पाहणी करून विकणाऱ्यांची नोंद करायची, त्यांना विक्रीचे प्रमाणपत्र द्यायचे, बसण्याची जागा ठरवायची, आणि ही पाहणी होईपर्यंत कोणाला उठवायचे नाही, असे त्यात आहे. यासाठी शहरांतून समित्या नेमायच्या आणि त्यांत विकणाऱ्यांचेही प्रतिनिधी घ्यायचे, असेही आहे.

आता मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या चौकात लाल दिवा लागलेला आहे. मोटारी थांबल्या आहेत. एक बाई मोगऱ्याचे गजरे घेऊन मोटारींमधून फिरते आहे. गजरे तिने पहाटे फुलबाजारातून फुले आणून स्वतः ओवले आहेत. फुलांना तिचे पैसे गेले आहेत. संध्याकाळपर्यंत खपले नाहीत, तर ती कोमेजणार. एका काचेवर तिने टकटक केले. २०१४ च्या कायद्याने पाहिले, तर ती विक्रेती आहे आणि तिला प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. १९५९ च्या कायद्याने पाहिले, तर कोणी शिपाई म्हणू शकतो, गजरा हे निमित्त आहे. तिच्यापाशी कागद असेल, तर तिला तो दाखवता येईल. नसेल, तर तो कोणत्या कचेरीत मिळतो, अर्जावर काय लिहावे लागते, हे तिला वाचून सांगणारे कोणी हवे.

मोटारीची काच खाली होते. आतून एक हात वीस रुपये पुढे करतो. गजरा न घेता काच पुन्हा वर जाऊ लागते. बाई गजरा फटीतून आत सोडते.